निवृत्तीआधीची मोठी रजा आणि प्रवास: आपापले अनुभव लिहावेत

पायवाट (ताराबाई पार्क)

गेल्या आठवड्यात निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी सेवापुस्तक पडताळून घेत असताना लेखाशाखेतील तरुण कारकुनाचे बोट एका ओळीवर थांबले. अर्जित रजेच्या नोंदीखाली लाल शाईत 'असाधारण रजा' (म्हणजे बिनपगारी रजा) असे लिहिले होते आणि त्या रजेमुळे वेतनवाढ पुढे गेल्याचा शेराही होता. "साहेब, त्या वेळी आजारी होता काय?" असे त्याने काळजीने विचारले. मी म्हणालो, "नाही, नर्मदा परिक्रमेला गेलो होतो." तेव्हापासून तो हिवाळा मनातून हलत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

राज्य शासनाच्या सेवेत बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस मिळते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते. ती शेवटी रोखीत घ्यावी, असा आपल्याकडे रिवाजच पडला आहे. त्या पैशाची गरज मीही जाणतो. परंतु पन्नाशी ओलांडल्यावर चालण्याची जी ताकद उरलेली असते, ती साठवून ठेवता येत नाही, हे मला तेव्हा स्पष्ट दिसत होते.

परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र कोठेही ओलांडायचे नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे जायचे, समुद्राशी नावेने उत्तर तटावर यायचे आणि अमरकंटकला उगमाला वळसा घालून परतायचे. नदीची लांबी १३१२ किलोमीटर असली, तरी पायी वाट सुमारे २६०० किलोमीटर पडते. परंपरेने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची परिक्रमा सांगितली आहे. नोकरदार मंडळी मात्र कार्तिकी एकादशीनंतर निघतात आणि कडक उन्हाळ्याआधी पोहोचण्याचा प्रयत्न करतात.

नंदुरबारकडील अक्राणीच्या डोंगरात एका आदिवासी घरात आम्हाला ज्वारीची भाकरी आणि मिरचीचे तिखट मिळाले. घरातील आजीने गाव विचारले. कोल्हापूर तिने ऐकले नव्हते. तुमच्याकडे नदी आहे का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. पंचगंगा म्हणताच तिने पाच कोणत्या ते विचारले, आणि मी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशी नावे सांगितली. जन्मभर पंचगंगेच्या घाटावर जात आलो, पण ही नावे इतक्या आस्थेने मला कोणी विचारली नव्हती.

आपणांपैकी ज्यांनी निवृत्तीची वाट न पाहता अशी मोठी रजा काढली, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

उद्यमनगरी

आमच्यासारख्या यंत्रशाळा चालवणाऱ्याला रजेचा अर्ज द्यायला कोणी वरिष्ठ नसतो, आणि खरी अडचण तीच आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आले की त्याचे मशिनिंग ठरल्या दिवशी झालेच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जाते. मी हिमाचलातील स्पिती खोऱ्यात जाण्याचे ठरवले, तेव्हा पैशापेक्षा अधिक वेळ धाकट्या भावाच्या हाती काम सोपवण्यात गेला. जॉबवर्कचा दर कसा काढायचा, कोणत्या पार्टीचे पैसे उशिरा येतात, जीएसटीचे विवरणपत्र कधी भरायचे, हे सारे त्याने माझ्या डोळ्यांदेखत अनेक महिने केले, आणि मगच मी मोटारसायकल बाहेर काढली.

मनालीकडून एकदम उंचावर जाण्याऐवजी मी सिमल्याहून किन्नौरमार्गे सावकाश चढत गेलो. स्पितीतील मुख्य गाव काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. वाटेत मुक्काम करीत गेल्यास शरीराला विरळ हवेची सवय होते, आणि आपल्या वयात हे फार महत्त्वाचे आहे. किन्नौरमध्ये दरड कोसळून रस्ता बंद असताना ट्रकचालकांनी मला स्टोव्हवरचा चहा दिला. सतलजच्या काठी त्यांच्यासोबत बसलो असताना कारखान्याची आठवण दिवसभर झाली नाही, याचे मला रात्री आश्चर्य वाटले.

परतल्यावर पाहिले तर भावाने दोन लेथ यंत्रांची जागा बदलली होती आणि माल हलवण्याचा त्रास बराच कमी झाला होता. ती मांडणी आजही तशीच आहे.

कागलकर शेतकरी

दादा, आपला भाऊ होता म्हणून जमले. ज्याच्या गोठ्यात जनावर आहे, त्याला सकाळ-संध्याकाळची धार चुकत नाही आणि डेअरीची वेळही कोणासाठी थांबत नाही. ऊस कारखान्याला गेल्यानंतर खोडव्याला पाणी आणि खत देऊन, म्हशी मेहुण्याच्या गोठ्यात बांधून मी आणि मंडळी उत्तरेची यात्रा करून आलो. मेहुण्याची पाळी पुढच्या वर्षी आहे, आणि त्याची जनावरे मी सांभाळणार आहे.

करवीरकन्या

मी शाळेत शिकवते. पुरुषाने मोठी रजा घेतली की लोक कोठे जाणार ते विचारतात; मी रजा घेतल्यावर मात्र घरी कोणाला बरे नाही का, असेच सर्वांनी विचारले. मी एकटी दक्षिणेत जात आहे, हे सासूबाईंनीच सर्वांना ठामपणे सांगितले, हा त्यांचा मोठेपणा मी विसरणार नाही.

कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती आणि तेथून पुढे तंजावर. बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधले, ते इ.स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याच मंदिराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला आहे. तमिळ कानांवर पडत असताना त्या देवनागरी ओळींवरून बोट न लावता डोळे फिरवीत मी उभी होते. काही अक्षरे झिजली आहेत, काही शब्द आज आपण वापरत नाही, तरी वाक्य हळूहळू उलगडते. सहलीसोबत गेले असते, तर पाऊण तासात चप्पल घालून गाडीत बसावे लागले असते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि राहिलेला भाग वाचला.

पाचगावकर

मी खासगी कंपनीतील नोकरीच सोडून निघालो होतो, म्हणून व्यवहाराचे दोन शब्द लिहितो. नोकरीसोबत कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही संपतो. राजीनाम्याच्या पुष्कळ आधी स्वतःची पॉलिसी घ्यावी, कारण आधीपासून असलेल्या आजारांच्या खर्चाची भरपाई मिळण्याआधी प्रतीक्षाकाळ असतो. एप्रिल २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली आहे. साखर किंवा रक्तदाब असल्यास तो लपवू नये. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते, हेही तपासून घ्यावे.

शाहूपुरीची सून

सर्वांचे अनुभव वाचून आनंद झाला, परंतु माझा प्रश्न निराळा आहे. सासऱ्यांना विस्मरणाचा आजार आहे आणि अनोळखी माणूस घरात आले की ते अस्वस्थ होतात. ते आहेत तोवर जाता येत नाही, आणि तसा विचार मनात आला तरी मनाला लागते.

करवीरकन्या

ताई, तो विचार आला म्हणून मनाला लावून घेऊ नका. माझ्या आईच्या वेळी आम्ही बहिणींनी पाळ्या लावल्या होत्या आणि येणारी बहीण आधी आठवडाभर सोबत राहत असे, म्हणजे आईला चेहऱ्याची सवय होई. नणंदेशी एकदा मोकळेपणाने बोलून पाहा. मोठी रजा जमली नाही, तरी गोकर्णापर्यंतचे चार दिवस मिळाले तरी घ्या.

पायवाट (ताराबाई पार्क)

करवीरकन्या ताईंच्या बोलण्याशी मी सहमत आहे. माझ्या रजेच्या काळात वडिलांजवळ धाकटा भाऊ येऊन राहिला होता, म्हणूनच मी निश्चिंत चालू शकलो.

दोघांनी परिक्रमेचा मार्ग विचारला आहे. पुण्याहून रेल्वेने खंडव्याला जावे, तेथून बसने ओंकारेश्वर गाठता येते. बूट नवे घेऊ नयेत. महिनाभर आधी रंकाळ्याभोवती पाठीवर ओझे घेऊन चालून ते पायात बसवावेत. सदाव्रतात, म्हणजे परिक्रमा करणाऱ्यांसाठीच्या अन्नदानाच्या ठिकाणी, शिधा मिळतो, तो स्वतः शिजवण्याची सवय असावी. विमलेश्वरहून उत्तर तटावरील मिठी तलाईकडे जाणारी नाव भरतीच्या वेळेनुसार सुटते, त्यामुळे तेथे कधी रात्री उठावे लागते, कधी थांबून राहावे लागते. त्यासाठी रजेत थोडे दिवस मोकळे ठेवावेत.