धनिष्ठा नेमकी कुठे शोधायची? आणि तिच्यातला गॅमा जोडतारा वेगळा का दिसत नाही?

अंगणातली_दुर्बीण (गुहागर)

नमस्कार मंडळी. घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना दिवाळीच्या सुट्टीत धनिष्ठा, म्हणजे पाश्चात्त्यांचा डेल्फिनस (डॉल्फिन) तारकासमूह, दाखवायची आहे. सकाळी होडीतून डॉल्फिन बघून आलेल्यांना रात्री आकाशातला डॉल्फिन दाखवावा, एवढाच बेत. हाताशी ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी फोकल लांबीची दुर्बीण आहे. सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस, ३ पट बार्लो (प्रतिमा तिप्पट मोठी करणारं जोडभिंग) आणि १०×५० बायनॉक्युलर.

पंचांगात चंद्र धनिष्ठेत असतो त्या रात्री चंद्राच्या आसपास काहीच का सापडत नाही? तिच्यातला गॅमा (ताऱ्यांना ग्रीक अक्षरांची नावं देतात, त्यातला) बार्लो लावूनही एकच पांढरा ठिपका का दिसतो? आणि पाहुण्यांना गोष्ट कोणती सांगावी, ग्रीक की आपली?

पंचांगवाला_नव्हे

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. पंचांगातली धनिष्ठा हा क्रांतिवृत्ताचा (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेचा) १३ अंश २० कलांचा (६० कला म्हणजे एक अंश) तुकडा आहे, मकरेच्या २३ अंश २० कलांपासून कुंभेच्या ६ अंश ४० कलांपर्यंत. आकाशातल्या धनिष्ठेचे तारे क्रांतिवृत्ताच्या तब्बल ३२ अंश उत्तरेला आहेत. चंद्र क्रांतिवृत्तापासून फार तर ५ अंश इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे तो या ताऱ्यांच्या जवळ कधीच येत नाही. त्या रात्री चंद्र असतो खाली दक्षिणेकडे, मकर-कुंभेच्या फिक्या ताऱ्यांत. शिवाय चंद्रप्रकाशात चौथ्या प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा मोठा तितका तारा मंद) तारे धुऊन निघतात. म्हणजे शोधायला नेमकी चुकीची रात्र आणि चुकीची दिशा!

कुणी पाहुणे पंचकाचं विचारतीलच. पंचक मोजतात ते याच तुकड्याच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंत. ताऱ्यांशी त्याचा संबंध नाही, घाबरायचं कारण नाही.

खाजणकाठ

आधी जागा. श्रवण ओळखता येत असेल तर काम सोपं आहे. कावडीसारखे ओळीत तीन तारे, मधला ठळक तो श्रवण. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. श्रवणापासून ईशान्येकडे मूठ आणि वर दोन बोटं गेलं की छोटासा पतंग दिसेल, चार तारे पतंगाचे आणि पाचवा शेपटीचा. नोव्हेंबरात संध्याकाळी श्रवण पश्चिमेला कललेला असतो, तेव्हा हा पतंग त्याच्या वरच्या बाजूला येतो. गॅमापासून शेपटीच्या एप्सिलॉनपर्यंत अंतर ६ अंशांच्या आत आहे, म्हणजे तुमच्या १०×५० च्या एका दृश्यात सगळी मावते. श्रवणाच्या थेट उत्तरेला शर नावाचा एक बारका बाण आहे. पुष्कळ जण त्यालाच धनिष्ठा समजतात, पण त्यात पतंगाची चौकट नाही.

आता गॅमा. शेपटीपासून सर्वांत लांबचं टोक म्हणजे गॅमा, डॉल्फिनचं नाक. त्यातले दोन तारे ४.३ आणि ५.१ प्रतीचे, अंतर सुमारे ९ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). ७० मिमीचं भिंग २ विकलांच्या आतलंही वेगळं करतं, तेव्हा दोष व्यासाचा नाही. बार्लो काढा. १० मिमीवर ३ पट बार्लो म्हणजे २१० पट, जे ७० मिमीला झेपत नाही, आणि दुर्बिणीसोबत फुकट मिळणारा बार्लो बहुधा प्लास्टिकचाच असतो. तारा फुगून धूसर होतो आणि दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळतात. २५ मिमीवर २८ पटीत तो चिकटलेला दिसेल, १० मिमीवर ७० पटीत स्वच्छ सुटेल. रंग बघायचा असेल तर फोकस किंचित हलवा. मोठा सोनेरी, धाकटा फिकट पिवळा, कुणाला हिरवट वाटतो. नजर स्थिरावली की २५ मिमीच्या त्याच दृश्यात, पाव अंशावर स्ट्रूव्ह २७२५ नावाची अजून एक मंद जोडी शोधा, आठव्या प्रतीच्या आसपासची, अंतर ६ विकला. ही मात्र अमावास्येच्या आसपासच.

बीटाच्या नादी लागू नका. तो १८७३ साली बर्नहॅम या खगोलनिरीक्षकाने दोन ताऱ्यांत वेगळा करून दाखवलेला जोडतारा आहे, एक फेरी सुमारे २७ वर्षांची, आणि दोघांतलं अंतर एक विकलाही भरत नाही.

खरी अडचण वेगळीच येणार. गॅमाची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) उत्तर १६ अंश, गुहागरचा अक्षांश १७.५. म्हणजे तो डोक्यापासून जेमतेम दीड अंशावरून जातो. ऑक्टोबरच्या मध्याला ही वेळ पावणेआठची येते. त्या वेळी नळी तिपाईच्या पायाला अडते आणि क्षितिजसमांतर फिरवताना तारा हातातून निसटतो. तासभर थांबा, किंवा नोव्हेंबरात दाखवा. १५ नोव्हेंबरला साडेसातला तो पश्चिमेला ६४ अंशांवर असतो, मान मोडत नाही.

मतलई

गोष्टी दोन्ही सांगा, पण मिसळू नका.

हिरोडोटसने सांगितलेली अशी: लेस्बॉस बेटावरचा गवई आरिऑन इटलीत पैसा कमावून कॉरिंथला परत निघाला. खलाशांनी पैशासाठी त्याला मारायचं ठरवलं. त्याने शेवटचं एक गाणं म्हणायची परवानगी मागितली, गायला आणि पाण्यात उडी टाकली. डॉल्फिनने त्याला पाठीवर घेऊन तैनारमच्या किनाऱ्याला लावलं. राजा पेरिआंड्रोससमोर खलाशी म्हणाले, आरिऑन इटलीतच सुखरूप आहे. तेवढ्यात तो पुढे येऊन उभा राहिला. दुसऱ्या कथेत हा डॉल्फिन समुद्रदेव पोसायडनचा मध्यस्थ: लपून बसलेल्या अँफिट्रायटीला लग्नाला राजी करतो आणि बक्षीस म्हणून आकाशात बसतो. होडीतून उतरलेल्या पोरांना पहिलीच आवडेल. याच तारकासमूहातल्या १८ डेल्फिनी ताऱ्याच्या ग्रहाला २०१५ मध्ये आरिऑन हेच नाव मिळालं. तारा साडेपाच प्रतीचा, बायनॉक्युलरला सापडतो.

आपल्याकडे हिचं जुनं नाव श्रविष्ठा, देवता अष्टवसू, आकार मृदंगाचा. वेदांग ज्योतिषात उत्तरायण श्रविष्ठेच्या आरंभी होतं असं म्हटलंय. आज ते मूळ नक्षत्रात होतं, कारण पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलतो. सरकलेलं अंतर साधारण ४७ अंश, ७२ वर्षांना एक अंश, म्हणजे ती नोंद अंदाजे ३,४०० वर्षांपूर्वीच्या आकाशाची. मला स्वतःला कुठल्याही डॉल्फिनपेक्षा हे जास्त थरारक वाटतं, पण गच्चीवरच्या पाहुण्यांना गुणाकार किती रुचेल, तुम्ही बघा.

अल्फा आणि बीटाची नावं सुआलोसिन आणि रोटानेव्ह. रोमन अक्षरं उलटी वाचली की निकोलाउस वेनाटोर. इटलीतल्या पालेर्मो वेधशाळेच्या १८१४ च्या तारकायादीत तिथला खगोलशास्त्रज्ञ पियात्सी याचा सहायक निकोलो काच्चातोरेचं लॅटिन नाव असं गुपचूप शिरलं आणि कायमचं राहिलं. अल्फापेक्षा बीटा किंचित तेजस्वी आहे, हेही सांगा.

जाता जाता: १९६७ चा जुलै आणि २०१३ चा ऑगस्ट, दोन्ही वेळा या तारकासमूहात नुसत्या डोळ्यांना दिसेल असा नवतारा (अचानक तेजाळणारा तारा) उगवला. कोकणात दोन्ही वेळा पावसाळा!

अंगणातली_दुर्बीण

आभार. डायगोनल (आयपीसकडे प्रकाश वळवणारा जोड) माझा ४५ अंशाचा आहे, चालेल का? आणि आठनंतर भिंगावर दव धरतं, ते रुमालाने पुसतो.

खाजणकाठ

४५ चा पक्षी बघायला. ९० अंशाचा घ्या, नाहीतर उंच ताऱ्यासाठी जमिनीवर लोळावं लागेल. रुमाल अजिबात नको. किनाऱ्यावर दवात मीठ आणि बारीक रेती असते, घासलं की भिंगावरचा लेप ओरबाडतो. काळ्या चार्ट पेपरची १४ सेमी लांब नळी भिंगापुढे गुंडाळा. तरी धरलंच तर हेअर ड्रायर मंद आचेवर, लांबून. घरात नेल्यावर लगेच झाकण लावू नका, ओल आत कोंडून बुरशी येते. पूर्ण सुकल्यावर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून परत वापरता येतात, पण स्वयंपाकाची कढई घेऊ नका, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो.

लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते खरी, पण फटाक्यांचा धूर खाली बसत नाही. नरक चतुर्दशीच्या आधीचे तीन-चार दिवस धरा. चंद्र पहाटेच उगवतो, संध्याकाळ मोकळी मिळते. गच्चीवरचा आकाशकंदील तेवढा तासभर बंद ठेवा.