बाहेरच्या डिझेल टाकीत पावसाळ्यानंतर पाणी सापडतं. येतं कुठून, थांबवायचं कसं?

कातळावरचा

रत्नागिरी तालुक्यात आंबा पल्पचं छोटं युनिट. बॉयलरला डिझेलचा मोनोब्लॉक बर्नर आहे. टाकी शेडच्या बाहेर, चिऱ्याच्या दोन पायांवर आडवी: ५ मिमी एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा, व्यास ९०० मिमी, लांबी १५६० मिमी, म्हणजे ९९० लिटर. वर मधोमध मॅनहोल, त्याच्याच झाकणावर २ इंची फिलर, म्हणजे डिझेल भरायचं तोंड. एका टोकाला २ इंची व्हेंट (हवा ये-जा करायचा पाइप) सरळ उभा. सप्लाय दुसऱ्या टोकाला, तळापासून ५० मिमीवर. ड्रेन नाही.

जूनमध्ये सीझन संपला तेव्हा टाकीत पाव भाग डिझेल होतं. फिलर घट्ट केला, व्हेंटच्या तोंडावर जाड प्लॅस्टिकची पिशवी दोरीने आवळून बांधली. आता बर्नर लावला तर ज्योत धरते, पाच-दहा सेकंद फडफडते आणि लॉकआउट, म्हणजे बर्नर आपोआप बंद. फिल्टरच्या वाटीत पाणी. मॅनहोलमधून डिपकाठीला पाण्याने रंग बदलणारी पेस्ट लावून पाहिली, ४० मिमीपर्यंत रंग बदलला.

सगळे म्हणतात समुद्राकडची दमट हवा, टाकीला आतून घाम येतो. व्हेंटवर सिलिका जेलचा ब्रीदर (आत येणारी हवा कोरडी करणारा डबा) बसवू का? की सरळ २००० लिटरची नवी टाकी करून मोकळा होऊ?

डिपकाठी

ब्रीदरवर पैसे घालण्याआधी हिशोब करा. तुमच्या मापाच्या टाकीत तळाला १० मिमी म्हणजे २ लिटर, २० मिमी म्हणजे साडेपाच, ३० मिमी म्हणजे १०, ४० मिमी म्हणजे साडेपंधरा लिटर पाणी. गोल टाकीत ते सरळ पटीने वाढत नाही, म्हणून काठीवर दोन बोटं दिसली की बादलीभर धरायचं.

आता घामाचं बघू. पाव टाकी भरलेली, म्हणजे वर ७४० लिटर हवा. रात्री ती १० अंशांनी थंड झाली तर साधारण २५ लिटर बाहेरची हवा आत येते. ३० अंशाला हवा पूर्ण दमट असली तरी घनमीटरला ३० ग्रॅम पाणी धरते. म्हणजे एका रात्रीत पाऊण ग्रॅम, तेही आत आलेली सगळी वाफ जमली तर. १२० रात्रींचे ९० ग्रॅम झाले. उन्हाने तापमानातला फरक अडीच पट धरा, तरी पाव लिटरच्या आत. घामाने पंधरा लिटर होत नाहीत.

पुरवठादारावरही घालता येणार नाही. बीएस-६ डिझेलमध्ये किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालतं. पूर्ण टाकीला ते १६५ ग्रॅमच्या आसपास जातं. पंपावरून डिझेलसोबत मोकळं पाणीच आलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग बर्नर मे महिन्यातच अडला असता.

राहिला पाऊस. तो छिद्रातून आलाय. सरळ उभा २ इंची पाइप उघडा राहिला तर ३००० मिमी पावसात त्यातून ६ लिटर आत जातात, यावरून अंदाज घ्या. तुमचा बांधलेला होता, म्हणजे तिथून नाही. मॅनहोलचं झाकण साधारण ५०० मिमी व्यासाचं असेल. १०० मिमी पावसाच्या एका दिवसात त्यावर २० लिटर पाणी पडतं. ते वाहून जातं की साचतं, एवढंच बघायचं आहे.

नळजोडणी

वर हिशोब दिलाय तो बरोबर, पण खरा घोटाळा त्या पिशवीचा आहे.

दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं की टाकी तापते, आतली हवा पिशवी फुगवून दोरीखालून निसटते. मग सर येते, पत्रा पाच मिनिटांत गार. हवा आकसते आणि पिशवी पाइपच्या तोंडात ओढली जाऊन बुचासारखी बसते. थोडक्यात, बाहेर जायला वाट आणि आत यायला बंद, अशी एकेरी झडप तुम्ही बांधलीत. बंद टाकीत १० अंशाच्या घटीला ३४ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढी ओढ तयार होते, फुटापेक्षा जास्त. मॅनहोलच्या झाकणावर नुसतं बोटभर पाणी उभं असेल, गॅस्केट जरा ढिलं असेल, तर टाकी ते पाणी पिते. दिवसातून चार सरी आल्या तर चार वेळा. व्हेंट उघडा असता तर त्याच गॅस्केटमधून फक्त ठिबकलं असतं.

पिशवी नसली तरी व्हेंट आपोआप बुजतो. कुंभारीण माशी पाइपच्या तोंडात मातीचं घर करते. साध्या लोखंडी जाळीवर खाऱ्या वाऱ्याने गंजाची खपली धरते. परिणाम तोच.

व्हेंट असा करा: २ इंची एमएस पाइप, टाकीच्या वर निदान दोन मीटर, टोकाला १८० अंशाचा बेंड, तोंड खाली आणि नैऋत्येकडे पाठ, कारण झड तिकडूनच येते. तोंडाला ३१६ स्टेनलेसची जाळी, क्लॅम्पने, म्हणजे मे अखेरीस काढून ब्रश मारता येते. पाइप २ इंचापेक्षा बारीक नको. डिझेल भरताना आतली हवा तेवढ्याच वेगाने बाहेर पडायला हवी. सिलिका जेलचा ब्रीदर इथे नकोच. घामाचं पाणी मुळातच नगण्य, आणि भरताना तो हवा अडवतो ते वेगळंच.

मॅनहोल: झाकण उघडून खालची बाजू आणि मानेची आतली बाजू बघा. मोबाइलचा टॉर्च टाकीच्या तोंडाशी नेऊ नका, आरशाने ऊन आत टाका, लख्ख दिसतं. जिथून पाणी येतं तिथे गंजाचा तपकिरी ओघळ असतो, बोटाएवढा रुंद, बहुतेक दोन बोल्टांच्या मधोमध. याचं कारण पातळ झाकण. बोल्ट आवळले की ते बोल्टापाशी बसतं आणि मध्ये उचलतं. झाकण ८ मिमीचं हवं, बोल्ट १२, एम-१२ स्टेनलेस, समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे. गॅस्केट ५ मिमी नायट्राइल रबरचं. टायरच्या ट्यूबचं कापलेलं असेल तर फेकून द्या. ते डिझेलमध्ये फुगतं, मऊ होतं आणि एका मोसमात सुरकुत्या पडतात.

मान टाकीच्या पाठीपासून १०० ते १५० मिमी उंच हवी. नसेल तर तेवढ्या उंचीची कॉलर दोन फ्लँज लावून बाहेर बनवून घ्या आणि आहे त्याच बोल्टांवर चढवा. टाकीला हात लावून वेल्डिंग नको. नुसती रिकामी केलेली डिझेल टाकी भरलेल्यापेक्षा वाईट. वाफेने धुऊन गॅस तपासल्याशिवाय ठिणगी नाही. सगळ्यावर पत्र्याची टोपी, डब्याच्या झाकणासारखी, कडा ५० मिमी खाली वळवलेल्या. ती होईपर्यंत फिलरवर प्लॅस्टिकचं घमेलं उपडं घाला आणि वर चिरा ठेवा. दिसायला गावठी, पण काम करतं.

बर्नरवाला

एक गोष्ट राहिली. सप्लाय ५० मिमीवर, पाणी ४० मिमीवर, तरी पाणी बर्नरला कसं गेलं? काठी मधोमध टाकलीत. टाकी सप्लायच्या टोकाकडे कललेली असणार. मधून टोकापर्यंत ७८० मिमी. ५० ला १ उतार असला तरी तिथे पाणी १६ मिमी जास्त, म्हणजे ५६. लेव्हल ट्यूबने तपासा. उतार उलटा हवा: सप्लायचं टोक वर, व्हेंटचं टोक खाली, आणि त्या खालच्या टोकाला ड्रेन. तो एकाच पायाखाली पट्टी सरकवून मिळतो. टाकी रिकामी असताना करा, तिचं नुसतं वजन सव्वादोनशे किलो आहे.

पाणी काढण्याआधी टाकी एक रात्र हलवू नका. हातपंपाचा कडक पाइप आता जे टोक खाली आहे तिथे तळाला टेकवून हळू ओढा. जोरात ओढलं तर भोवरा होऊन वरचं डिझेल येतं आणि वाटतं पाणी संपलं. पारदर्शक कॅनमध्ये घ्या: आधी गढूळ तांबूस पाणी, मग दुधट थर, मग स्वच्छ डिझेल. स्वच्छ आल्यावरही दोन-तीन लिटर घ्या, थांबा, दुसऱ्या दिवशी परत पेस्ट लावा. कॅन दोन दिवस ठेवली की वरचं डिझेल वेगळं काढता येतं. उरलेलं तेलकट पाणी वहाळात किंवा कातळावर ओतू नका, भेगांतून थेट विहिरीत जातं. वापरलेलं तेल उचलणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

दुधट थराच्या जागी काळपट बुळबुळीत पापुद्रा आला तर ती बुरशी आहे. ती पाणी आणि डिझेलच्या सीमेवरच वाढते. आधी पाणी काढा, तळ पुसून घ्या, मगच बायोसाइड (बुरशी मारणारं औषध). पाणी तसंच ठेवून औषध घातलं तर मेलेला गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो.

बर्नरकडे: रीसेट दोनदा दाबून ज्योत राहिली नाही तर तिसऱ्यांदा दाबू नका. न जळलेलं डिझेल भट्टीत साचतं आणि पुढच्या ठिणगीला भडका होतो. फिल्टरपाशी लाइन सोडून बाटलीत घ्या, ढगाळपणा जाईपर्यंत. पंपाच्या आतली बारीक जाळी काढून बघा, तिच्यावर गंजाचा थर असतो आणि ती बहुतेक जण विसरतात. नोझल साफ करत बसू नका, त्याच जीपीएच (तासाला किती गॅलन) आणि त्याच कोनाचा नवा घाला. ज्योत ओळखणाऱ्या फोटोसेलची काच पुसा. मग हवा काढून पंपाचा दाब बर्नरच्या पुस्तकात दिलाय तेवढा करा.

बंदरपट्टी

आमच्याकडे म्हणतात, पाणी खयसून इला ता आधी बघूक व्हया. डिझेल बॅरलने आणता का? आणत असाल तर बॅरल उभी ठेवलेली असतात का, ते सांगा. बॅरलच्या कडेमुळे वर तीन-चार लिटर पाणी साचतं, दोन्ही बुचं त्यात बुडतात, आणि टाकीसारखंच रात्री गार झालं की आत ओढलं जातं. आडवी ठेवायची, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून दोन्हींवर डिझेल असतं. उभीच ठेवावी लागली तर एका बाजूला फळी घालून तिरकी, बुचं पाण्याच्या वर राहतील अशी.

घाम येऊ नये म्हणून पावसाआधी टाकी भरून ठेवा असं जे सांगतात त्याचं कारण चुकीचं असतं, सल्ला बरोबर. ७४० लिटर हवेऐवजी ५० लिटरच राहिली तर टाकीचा श्वास पंधरा पटींनी लहान होतो. पण गळ्यापर्यंत नको. २० अंशांनी तापलं तर ९९० लिटर डिझेल १६ लिटर वाढतं. ५ टक्के मोकळं ठेवा.

कातळावरचा

आरशाने बघितलं. झाकण ४ मिमीचं, बोल्ट आठ, गॅस्केट ट्यूबचंच. फिलरच्या बाजूला दोन बोल्टांच्या मध्ये ओघळ आहे. लेव्हलला सप्लायचं टोक मधल्यापेक्षा १८ मिमी खाली. बॅरल उभीच असतात, तीही आडवी करतो. आठ-नऊ महिने भरून ठेवायला मात्र पैसे अडकतात. आणि २००० लिटरचं काय?

डिपकाठी

भरायचं नसेल तर व्हेंट आणि मॅनहोल नीट करा, पाव टाकीवरही चालेल. भरणं हा जोडीचा उपाय, पहिला नव्हे.

२००० ची नको. डिझेल ब वर्गात येतं. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे ब वर्गाचं एका जागी एकूण २५०० लिटरपर्यंत विना परवाना चालतं, पण एकही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नको. ९९० च्या टाक्या सगळीकडे दिसतात त्या यामुळेच. जास्त लागलं तर ९९० ची दुसरी बसवा, बॅरलांतलं डिझेलही २५०० मध्ये मोजून.

नळजोडणी

दुसरी बसवताना भोवती सांडलेलं डिझेल अडवणारा बांध घालणार असाल तर वर छप्पर घालाच. उघड्या बांधात जुलैत तळं होतं, आणि रिकामी टाकी तळापासून २५ सेंटिमीटर पाणी चढलं की तरंगायला लागते. सप्लायचा नळ तिथेच तुटतो. पायांना पट्ट्यांनी आवळून घ्या, बांधाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला, कायम बंद, आणि पाणी सोडण्याआधी वर तेलाचा तवंग नाही ना ते बघून. टाकीच्या ड्रेनला १ इंची बॉल व्हॉल्व्ह आणि त्यापुढे प्लग, दोन्ही. पावसात दर पंधरा दिवसांनी आणि डिझेल भरल्यावर दुसऱ्या सकाळी अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढून बघत जा.