मदत हवी आहे: सरपंच थेट जनतेतून, बहुमत विरोधी पॅनेलचं. ही कोणती पद्धत?

प्रश्न (ता. धानोरा, जि. गडचिरोली): अभ्यासिकेतल्या पोट्ट्यांना अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतीतला फरक शिकवायचा आहे. अमेरिका-इंग्लंडचा तक्ता पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही. गावचं उदाहरण घेतो: ग्रामपंचायतीत मतदानाचा हक्क असलेले एकूण नऊ, त्यातले सहा सरपंचाविरुद्ध. सरपंच राष्ट्राध्यक्षासारखा की पंतप्रधानासारखा? अविश्वासाला सहा पुरतात का?

उत्तर १: धड दोन्ही नाही, भाऊ. निवड अध्यक्षीय, हटवणं अर्धं संसदीय. अमेरिकेत बहुमत विरोधात गेलं म्हणून अध्यक्ष जात नाही. महाभियोग लागतो, त्यात सिनेटमध्ये दोन-तृतीयांश. तुमच्या सरपंचाचा खरा जोडीदार इस्रायलमध्ये सापडतो. तिथं 1996, 1999 आणि 2001 मध्ये पंतप्रधान थेट निवडला. लोकांनी एक मत पंतप्रधानाला दिलं, दुसरं आपल्या आवडत्या छोट्या पक्षाला. मोठे पक्ष रोडावले, पंतप्रधानाला बहुमत जुळवता जुळेना, आणि 2001 मध्येच कायदा मागे घेतला. आपल्याकडंही सरपंचाचं मत एकीकडं, वॉर्डाचं दुसरीकडं, हेच होते. उपसरपंच मात्र सदस्यच निवडतात, म्हणजे एकाच कार्यालयात दोन पद्धती!

उत्तर २: सहा पुरत नाहीत. थेट सरपंचासाठी तीन-चतुर्थांश लागतात: नऊचे 6.75, म्हणजे सात. गणित हमखास चुकते ते इथं, कारण हजर किती ते मोजतात. मोजायचे हक्क असलेले एकूण. ठराव झाला तरी सरपंच लगेच जात नाही. विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानानं त्याला मंजुरी लागते. निवडीनंतर पहिली दोन वर्षं ठराव आणताच येत नाही. आणि जुन्या नोट्स वापरू नका जी: थेट निवड 2017 ला आली, 2020 ला गेली, 2022 ला परत आली.

उत्तर ३: तुलनेत जर्मनी घ्याच. तिथं चॅन्सलरला (म्हणजे तिथल्या पंतप्रधानाला) पाडायचं तर त्याच मतदानात नवा निवडावा लागतो. 1982 मध्ये श्मिट गेले, कोल आले. ‘पाडा, मग बघू’ चालत नाही. सत्तावाटपाला स्वित्झर्लंड: सात जणांचं मंडळ सरकार चालवतं, अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. बाकी धानोऱ्यात बसून इतक्या दूर कशाला जाता? मेंढा-लेखा तुमच्याच तालुक्यात. तिथं ग्रामसभा मतं मोजत नाही, सर्वसहमती होईपर्यंत विषय पुढं ढकलते. त्यात वेळ जातो, आणि एक जणही अडवू शकतो. तक्त्यात तोही रकाना ठेवा.