बीटी पिकांमुळे मित्र गांधीलमाश्या संपतात का?

कोपरखैरणेकर:
गच्चीवर वांगी लावली आहेत, शेंडा पोखरणाऱ्या अळीने हैराण केलंय. शेजारचे काका म्हणाले, "बीटी वांग्याला 2010 मध्ये स्थगिती दिली ते बरंच झालं, त्यानं मित्रकीटक मरतात." बीटी म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेलं, अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारं पीक. मला हे पटत नाही. ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरभरही नसलेली गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. पतंगाचं अंडं काही पान खात नाही, मग माशीच्या पिल्लाला विष लागणार कुठून? तिचा खरा वैरी फवारणी.

यवतमाळचा ठाणेकर:
अंड्यापुरतं मान्य. पण कितीतरी जाती जिवंत अळीच्या पोटात वाढतात. बीटीचं पान खाऊन अळी लवकर मेली की आतलं पिल्लूही संपलं. याला नुकसान नाही तर काय म्हणायचं?

कोपरखैरणेकर:
मरते, पण विषाने नाही, घर कोसळल्याने. कॉर्नेल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये हेच तपासलं. ब्रोकोलीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या बीटीला दाद न देणाऱ्या अळ्या सोडल्या. त्यांच्या पोटात माशी नीट वाढली. कीटकनाशकाला न जुमानणाऱ्या अळ्या फवारलेल्या झाडावर सोडल्या, तेव्हा अळी जगली आणि आतली माशी मात्र मेली.

ऐरोलीची मावशी:
प्रयोग खरा असेल हो. पण विषाने गेली काय नि उपासाने गेली काय, शेतातून गेलीच ना? अळीच उरली नाही तर तिने कशावर जगायचं?

यवतमाळचा ठाणेकर:
मावशी, मुद्दा इथेच आहे. बीटी कापसाच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याचं 120 ग्रॅमचं पाकीट यायचं, कडेने लावायला. तिथे अळ्या जगल्या असत्या, त्यांच्यावर माश्याही, आणि सगळ्याच अळ्या बीटीला सरावल्या नसत्या. आमच्या घरी ते पाकीट कधी पेरलं गेलं नाही, कोणी समजावूनही सांगितलं नाही. 2006 मध्ये दोन बीटी जनुकांचं बियाणं आलं आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने तेही खाल्लं. फवारण्या परत सुरू झाल्या. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तंत्रज्ञान चांगलं म्हणताना हेही मोजा.

कोपरखैरणेकर:
मोजतो. पण तो दोष जनुकाचा की कडेची ओळ न लावण्याचा? वांग्यात आज बीटी नाही, तरी वाशीच्या मार्केटला येणारी वांगी फवारलेलीच असतात. तिथे माशी कुठे वाचते?

ऐरोलीची मावशी:
ते वाईटच. पण म्हणून बीटी आणा, हे त्यातून निघत नाही. तुम्ही गच्चीवर ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा वाढत असलेली पतंगाची अंडी चिकटवलेलं कार्ड, लावून बघा. पानाच्या मागच्या बाजूला, संध्याकाळी, आणि कार्ड आहे तोवर एकही फवारा नको.