चलाला घेता येणाऱ्या मूल्यांच्या संचाला काय म्हणावे?

प्रश्न – पदविका विद्यार्थी, इंदूर
नमस्कार. आपल्या इंदुरात घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकला जातो. त्याच्या नोंदींसाठी केलेल्या प्रोग्राममध्ये मी ‘प्रकार’ हे पूर्णांकी व्हेरिएबल (चल) घेतले असून ओला, सुका, प्लास्टिक इत्यादींसाठी १ ते ६ हे अंक ठेवले आहेत. अहवालात या सहा मूल्यांच्या संचाला ‘टाइप’ म्हणावे, ‘रेंज’ म्हणावे की ‘डोमेन’, यावर आमच्या गटाचे एकमत होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक
येथे टाइप, म्हणजे व्हेरिएबलमध्ये कोणत्या जातीचे मूल्य बसते ते, पूर्णांक हा आहे, आणि ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात −२,१४,७४,८३,६४८ पासून २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचे कोणतेही मूल्य बसते. त्यांपैकी सहाच ग्राह्य धरायची, हा नियम टाइपचा नसून आपला आहे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याच्या पद्धतीत, स्तंभातील मूल्ये ज्या संचातून येतात त्याला डोमेन म्हटले आहे; आपल्या नोंदी डेटाबेसमध्येच जाणार असतील, तर तोच शब्द वापरावा. ‘रेंज’ म्हटले की सलग अंकांचा पट्टा डोळ्यांसमोर येतो, आणि उद्या अंकांऐवजी नावे साठवली तर तो शब्द निरर्थक ठरेल.

उत्तर – सॉफ्टवेअर अभियंता, विजयनगर
सरांशी सहमत आहे. मात्र मुळात पूर्णांक न घेता ‘एनम’ (ज्याची मूल्ये आपणच नावे देऊन घोषित करतो असा टाइप) घ्यावा, म्हणजे टाइप आणि डोमेन यांतील अंतर बरेच मिटते. बरेच, पूर्ण नव्हे. सी भाषेत एनमच्या व्हेरिएबलमध्ये ९ ठेवला तरी कंपायलर सहसा अडवत नाही. जावामध्ये तसे करता येत नाही, पण तिथे घोषित सहा मूल्यांखेरीज ‘नल’, म्हणजे मूल्यच नसल्याची खूण, शिल्लक राहतोच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आम्ही डेटाबेसमधील तक्त्यावर ‘प्रकार १ ते ६ यांच्या दरम्यान’ अशी चेकची (ओळ साठवण्यापूर्वी तपासली जाणारी) अट घातली आहे. तेवढ्याने नल अडेल ना?

उत्तर – निवृत्त प्राध्यापक
नाही. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत नलशी केलेल्या तुलनेचे उत्तर खरे किंवा खोटे न येता ‘अज्ञात’ येते, आणि चेकची अट खोटी ठरली तरच ओळ नाकारली जाते. म्हणून ‘नॉट नल’ वेगळे लिहावे. प्रकार अजून ठरलेला नाही अशा नोंदी खरोखरच येणार असतील, तर त्यांच्यासाठी ‘अवर्गीकृत’ हे सातवे मूल्य डोमेनमध्ये उघडपणे घ्यावे आणि अहवालातही सातच लिहावीत.