लातूरला क्लासच्या पोरांना भाड्यानं द्यायला घर घ्यावं का?

निलंगा_गुरुजी:
नमस्कार मंडळी. मी निलंगा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे २२ लाख बँकेत पडून आहेत. लातूरला क्लासेसच्या भागात एक घर बघितलं. खाली दोन खोल्या, वर दोन, एकेका खोलीत तीन पोरं. १२ पोरांचं महिन्याला २४ हजार भाडं. भाव ४२ लाख. उरलेल्या २० लाखांचं कर्ज काढलं, तर ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता १८ हजार बसतो. एजंट म्हणतो, "भाड्यातनं हप्ता फिटतो, वर सहा हजार खिशात." घरच्या म्हणतात, त्यापेक्षा सोनं घ्या. अगोदर असं काही केलेलं नाही. कुणाला अनुभव आहे का?

गोलाईकर:
गुरुजी, घर कोणत्या महिन्यात दाखवलं? जुलैत ना? जुलैत लातुरात कोंबड्याचं खुराडंसुद्धा भाड्यानं जातं. परभणी, हिंगोलीहून बाप लोक पेटी-गादी घेऊन रांगेत उभे असतात. मेच्या सुरुवातीला मेडिकलची 'नीट' परीक्षा झाली की तीच पोरं त्याच गाद्या घेऊन गावी. मे-जून माझ्या सहा खोल्यांना कुलूप असतं. म्हणून भाडं दहा महिन्यांचं धरा, २ लाख ४० हजार. त्यातनं घरपट्टी, टँकर, मोटार, रंग मिळून ५० हजार जातात. राहिले १ लाख ९० हजार. तुमचे वर्षाचे हप्ते २ लाख १६ हजार. म्हणजे वर्षाला २६ हजार पगारातनंच घालावे लागणार.

रंगाचं हसू नका. पोरं आवर्तसारणी फेविकॉलनं भिंतीला चिकटवतात. काढताना पापुद्र्यासकट भिंत येते. एका पोरानं तर छतावर चिकटवली होती, झोपल्यावर दिसावी म्हणून. त्याला काय बोलणार? लागला मेडिकलला.

पण खरी गोष्ट पाणी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आठवतंय ना? त्या साली माझा बोअर आटला. मोटार कोरडी चालून जळाली. टँकरवाला रात्री दोनला यायचा, मी पाइप धरून जिन्यात उभा. पोरं परीक्षेच्या तोंडावर, त्यांना जा म्हणता येईना. तेव्हापासून कुणीही घराबद्दल विचारलं की मी आधी बोअर किती फूट नि मेमध्ये किती मिनिटं चालतो, ते विचारतो. मालकाला नाही, शेजारणीला. मालक "भरपूर पाणी" म्हणणारच.

आणि २२ नि २० मिळवून ४२ केले, मुद्रांक शुल्क कुठनं भरणार? ते, नोंदणीचे ३० हजार नि वकील धरून घर ४५ लाखांना पडतं. फक्त वहिनींच्या नावावर घेतलं तर, बाईचं नाव म्हणून, मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ४२ हजार वाचतात. सोन्याचा राग तेवढा तरी निवळेल.

दस्तलेखक_संभाजीनगर:
वरचं बरोबर आहे. कागदाचं मी सांगतो. इकडं आमच्याकडं गुंठेवारीतली, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरची घरं बघून लोक भुलतात, स्वस्त असतात म्हणून. नियमित झालेली नसतील तर बँक कर्जाला हात लावत नाही. तुमच्या घराचा बिनशेती आदेश नि बांधकाम परवाना आधी मागा. वरचा मजला परवान्यात आहे का, तेही बघा.

दुसरं, नुसत्या बॉन्डवर नोटरी करून भाडेकरू ठेवू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि भांडण झालं तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, शहरात फी १ हजार. पोरं अठराच्या आतली असतील तर करार बापाशी करा.

गोलाईकर:
एक राहिलं. भाडं आयकरात दाखवा, लपवू नका. भरलेली घरपट्टी वजा जाऊन उरलेल्यावर ३० टक्के सूट आपोआप मिळते, पावत्या लागत नाहीत. कर्जाचं व्याज वेगळं वजा होतं.

निलंगा_गुरुजी:
काल परत जाऊन आलो. मालक नव्हता. शेजारच्या मावशी अंगणात ज्वारी निवडत होत्या. पाण्याचं विचारलं तर काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट दाखवलं. कंपाउंडच्या भिंतीला, टाकीच्या बरोबर समोर, मनगट जाईल एवढं भोक पाडलेलं. कडेचं प्लास्टर पाइप घासून गुळगुळीत झालेलं.

एजंटला म्हणालो, ३६ ला देत असाल तर बोला. अजून फोन नाही.

गोलाईकर:
येईल. मे महिन्यात.