पोर्तुगालला जाऊन आलेल्यांनो, आठवणी लिहा ना इथे

मोगरा:
आज सकाळी खाली पाववाल्याचा भोंगा वाजला आणि आई ओट्यापाशी थांबून म्हणाली, "त्या लागुशच्या बाईंच्या पावाची साल किती जाड होती गं." झालं, तेव्हापासून डोक्यात तेच.

2018 चा जून. बाबा गेल्यानंतरचा आईचा पहिला प्रवास. लिस्बन, एव्हरा आणि शेवटी खाली अल्गार्वचा किनारा. लागुशला एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. मी दूध आणायला गेले तेवढ्यात आईने दार ओढून घेतलं, चावी आत. मालकीणबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी जिना चढतेय तर आई बोटांनी कुलूप फिरवून दाखवत म्हणतेय, "चावी, चावी!" बाईंनी एक क्षण पाहिलं, "आ, शाव्!" म्हणाल्या आणि एप्रनच्या खिशातून जुडगा काढला. संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात एकेक वस्तू उचलून दाखवत होत्या. बटाटा? बटाटा! साबण? सबांव. कोबी? कोव्. दोघींना इतका आनंद होत होता की मी मध्ये बोललेच नाही. बाबांच्या नंतर आईला असं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कमिलुच्या पुळणीवर. दोनशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी विचार करून उतरावं. मधाच्या रंगाचे कडे, दगडात जुने शिंपले रुतलेले, नखाला लागतात. आईने निऱ्या खोचून पाण्यात पाऊल टाकलं आणि ओरडलीच. अटलांटिक आहे तो, जूनमध्येसुद्धा गारठवतो.

तुमचंही लिहा. लहान असलं तरी चालेल.

वसईकर:
डोळे भरून आले ताई. आईंना नमस्कार सांगा.
मी कामासाठी गेलो होतो, दोनच दिवस, तेही लिस्बन. कार्मुचा मठ पाहिला. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, माणसं चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जमलेली आणि भूकंप. पेटत्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, मग नदीच्या तोंडातून समुद्र आत आला. कार्मुवर छप्पर पुन्हा घातलंच नाही. कमानी तेवढ्या उभ्या, वर आभाळ. मी तिथे उभा राहिलो आणि थेट आमच्या वसईच्या किल्ल्यात पोचलो. आमच्याकडची चर्चं अशीच, भिंतीतून पिंपळ आलेला. फक्त आमच्याकडे भूकंप नव्हता, 1739 ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पुढे तो ओस पडत गेला.
जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे. दगडात जहाज, दोरखंड, फार सुंदर कोरलंय. आमचा धर्म, आमची आडनावं पोर्तुगीजांबरोबर आली हे मान्य. तरी तिथे हात जोडावेसे वाटले नाहीत. आजीसाठी बाहेरच्या बाकावर बसून एक प्रार्थना म्हटली आणि निघालो.

चहाबाज:
शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं? पुढच्या मेमध्ये जातोय. सासूबाई बरोबर आहेत, कांदालसूण चालतं.

लिंबाचंलोणचं:
@चहाबाज "सेंय कार्न" म्हणजे मांस नको. पण एवढ्याने भागत नाही, मासा येतोच. "सेंय पैश" पण म्हणायचं. मी असं म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला वाटलं मी वाढप्याला पैसे नाहीत म्हणून सांगतेय 😄
भाज्यांचं सूप सगळीकडे मिळतं, सोपा द लेगुमश. काल्दु व्हेर्द हे बटाट्याचं दाट सार, वर केसासारखी चिरलेली हिरवी पानं. छान लागतं, पण त्यात सॉसेजची चकती टाकतात, आधीच सांगा. आणि बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह आणून ठेवतात ते फुकट नसतं हं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, मग पैसे लावत नाहीत.

चहाबाज:
धन्यवाद!! सासूबाईंसाठी ठेपले घेतोच.

टेकडीवरची:
माझा अनुभव वाईट आणि चांगला दोन्ही. लिस्बनचे फुटपाथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे, वर्षानुवर्षं चालून गुळगुळीत. पाऊस पडला की साबण. उतारावर घसरले, मनगट मोडलं. समोरच्या घरातून एक आजी उतरल्या, माझ्या हाताखाली त्यांची शाल गुंडाळली आणि गाडी येईपर्यंत माझ्याबरोबर पायरीवर बसून राहिल्या. एक अक्षर कळत नव्हतं. सारखा खांदा थोपटत होत्या. शाल परत द्यायची राहिली, अजून कपाटात आहे. रबरी तळाचे बूट न्या, एवढं ऐका माझं.

मोगरा:
अगं बाई! आता बरा आहे ना हात?

टेकडीवरची:
हो, थंडीत ठणकतो फक्त.

दोनडब्बे:
बूट +१. आणि 28 नंबरच्या ट्राममध्ये पाकीट पुढच्या खिशात. माझं गेलं. पासपोर्ट खोलीवर होता म्हणून वाचलो.

माडाखाली:
मी पेडण्याची. आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, खिडकीला जनेल म्हणायचे ते आम्हीही म्हणतो. 1961 नंतर त्यांनी ती भाषा घराबाहेर काढली नाही, पण हिशेब मात्र मरेपर्यंत त्याच भाषेत मोजत. लिस्बनमधल्या बेलेंच्या त्या 1837 पासूनच्या दुकानात नाता, म्हणजे कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट, खायला रांगेत उभी होते, मागचे आजोबा सुटे पैसे मोजत होते, उं, दोइश, त्रेश... मला मागे वळून बघवेना. आवाज तोच होता.
नाता गरमच खा, वर दालचिनी भुरभुरून. गार झाला की मजा जाते.

वसईकर:
@माडाखाली 🙏

शाळासुटली:
नाता घरी करायचा कुणी प्रयत्न केलाय का? माझं कस्टर्ड फुटतं दर वेळी.

लिंबाचंलोणचं:
ओव्हन जितका तापेल तितका तापव, 250 च्या खाली नको. पाक आधी करून घे. वेगळ्या धाग्यावर लिहिते, पोळ्या व्हायच्यात.

निळीफरशी:
एव्हराचं कुणी लिहिलं नाही? गावात मधोमध रोमन देऊळ, खांब उघड्यावर. आणि तो हाडांचा चॅपल, भिंतींवर कवट्या नि हाडं रचलेली. दारावर लिहिलंय, "इथे असलेली आम्ही हाडं तुमच्या हाडांची वाट पाहतो." मुलगा आठ वर्षांचा, मी घाबरले की रात्री झोपणार नाही. त्याने विचारलं, "आई, यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत का?" बाहेर येऊन संत्र्याच्या झाडाखाली बराच वेळ बसलो. त्या रात्री त्याने पणजोबांचं नाव विचारून घेतलं.

गॅलरीतलीबाग:
आम्ही 12 जूनच्या रात्री लिस्बनला होतो, संत अंतोनीचा उत्सव. गल्लीगल्लीत सार्डिन भाजत होते, कपड्यांचा वास चार दिवस गेला नाही. पण मला आठवतात त्या कुंड्या. तुळशीच्या जातीचं रोप, मांजेरिकू म्हणतात, त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. मी वास घ्यायला वाकले तर विकणाऱ्या बाईंनी अडवलं. नाक लावायचं नाही. तळहात रोपावरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. त्यांनीच माझा हात धरून फिरवला. अगदी आपल्या वृंदावनापाशी उभं राहिल्यासारखं.

मोगरा:
@गॅलरीतलीबाग आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, त्या मांजेरिकूला मंजिऱ्या येतात का?

गॅलरीतलीबाग:
मी पाहिली तेव्हा नव्हत्या गं. गोल गोल, विंचरून ठेवल्यासारखी रोपं होती. काकूंना सांग, वास मात्र तोच.